रिपोर्टातले ७८ आणि घरातली मराठी

पत्र :
ताई, आम्ही नऊ वर्षांपासून अमेरिकेत आहोत. मुलगा सहा वर्षांचा, फर्स्ट ग्रेडमध्ये. घरी आम्ही मराठीच बोलतो. तिसऱ्या वर्षी डेकेअरला जाऊ लागला तेव्हा त्याचं इंग्रजी सुरू झालं. टीचरचं म्हणणं, दोन-तीन सूचना एकदम दिल्या की तो गोंधळतो, गोष्ट सांगताना अडखळतो, उत्तरं एकेका शब्दात देतो. शाळेने आमची सही घेऊन तपासण्या केल्या आणि आता बावीस पानी रिपोर्ट हातात आहे. कोअर लँग्वेज ७८, सातवा पर्सेंटाइल, ‘स्पीच ऑर लँग्वेज इम्पेअरमेंट’ या गटात बसतो, असं त्यात लिहिलंय. पुढच्या आठवड्यात आयईपीची, म्हणजे मुलासाठी शाळा आखते त्या खास शिक्षण-योजनेची, मीटिंग आहे. सगळ्या तपासण्या इंग्रजीत झाल्या. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, घरीही इंग्रजी बोलायला लागा. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, एकदा शिक्का बसला की बसला, सही करूच नकोस. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिराच बोलले. तसा तो मराठीतही ‘मी आजी फोन केला’, ‘गाडी डबात ठेवला’ असं बोलतो. आम्ही हसून सोडून देतो, चार वर्षांची धाकटी मात्र त्याला सुधारते. मी सही करू की नको?
– एक आई

उत्तर :
आधी सहीचं बोलू, कारण तुमची झोप त्यावरच उडालेली दिसते. मीटिंगमध्ये तुमच्यापुढे एकापेक्षा जास्त सह्यांच्या जागा येतील. एक असते हजेरीची. ती करा, तिने तुम्ही कशालाही बांधल्या जात नाही. दुसरी असते सेवा सुरू करायला दिलेली संमती. तपासणीसाठी तुम्ही आधी दिलेली संमती इथे चालत नाही. कायदा ही वेगळी मागतो. तुम्ही ती दिली नाहीत तर शाळा तुमच्याविरुद्ध दाद मागूनही पहिल्यांदाच्या सेवा मुलावर लादू शकत नाही. आणि दिलीत तरी पुढे कधीही लेखी कळवून मागे घेता येते. तेव्हा नवऱ्याला सांगा, ही सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. कागद घरी आणा, दोघं मिळून वाचा, मग ठरवा. त्याच बैठकीत सही द्या, असं कुणी म्हटलं तर हसून ‘उद्या कळवते’ म्हणा.

आता तो आकडा. ७८ वाचून तुम्हाला शंभरपैकी ७८ मार्क आठवले असतील, आणि शेजारी सातवा पर्सेंटाइल बघून धस्स झालं असेल. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. या चाचण्यांमध्ये त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. ७८ म्हणजे त्या पट्ट्याच्या खाली. सातवा पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाची शंभर मुलं उभी केली तर साधारण सात जण त्याच्याइतके किंवा त्याच्याहून मागे असतील. सात टक्के मार्क पडले, असा त्याचा अर्थ नाही. ७८ च्या बाजूला कंसात आणखी दोन आकडे असतील, त्यांना कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी बसला असता तर आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता, याची ती कबुली आहे. मीटिंगमध्ये नुसत्या ७८ वर घासाघीस करू नका, कंसातल्या त्या दोन आकड्यांवर बोट ठेवा.

मला विचाराल तर कोअर लँग्वेजचा, म्हणजे एकूण भाषेचा, आकडा सगळ्यात कमी बोलका असतो. त्याच्या खालचा तक्ता बघा. तिथे छोट्या छोट्या उपचाचण्या असतील, त्यांची सरासरी १० असते आणि ७ ते १३ नेहमीचं मानतात. काही उपचाचण्या रिसेप्टिव्ह, म्हणजे ऐकून समजण्याच्या. काही एक्स्प्रेसिव्ह, म्हणजे स्वतः बोलण्याच्या. सूचना पाळण्याची असते, वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणण्याची असते, आणि एक असते इंग्रजी शब्दांच्या रूपांची: अनेकवचनाचा एस लावणं, भूतकाळाचा ईडी लावणं, ‘ही’ आणि ‘शी’ ही सर्वनामं बरोबर वापरणं. या शेवटच्या प्रकारातला आकडा कमी असेल तर थांबा. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणारं चांगलं तल्लख मूल इथे नेमक्या त्याच चुका करतं, ज्या खरोखर भाषेची अडचण असलेलं इंग्रजी घरातलं मूल करतं. कागदावर दोघं सारखी दिसतात. निव्वळ इंग्रजी चाचणीला त्यांच्यात फरक करता येत नाही.

हे शाळांना माहीत नाही असं नाही. १९७० साली कॅलिफोर्नियात डायना नावाच्या मुलीच्या नावाने एक दावा चालला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचे आकडे त्या मर्यादेच्या वर गेले. तडजोडीत ठरलं की मुलाला त्याच्या घरच्या भाषेतही तपासायचं. हे तत्त्व विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या केंद्रीय कायद्यात आलं. त्यालाच १९९० पासून आयडीईए म्हणतात. त्यात तीन गोष्टी आहेत, तुम्ही त्या तोंडपाठच करा. तपासणी मुलाच्या मूळ भाषेत आणि खरी माहिती मिळेल अशा पद्धतीने व्हावी. एकाच चाचणीवरून निर्णय होऊ नये. आणि इंग्रजी कच्चं आहे हेच जर मुख्य कारण असेल, तर मुलाला डिसअॅबिलिटी आहे असं ठरवता येत नाही.

पहिल्या गोष्टीत एक पळवाट आहे: ‘स्पष्टपणे शक्य नसेल तर’. मराठीच्या बाबतीत शाळा हीच पुढे करते, कारण इंग्रजीसारखी प्रमाणित मराठी चाचणी तिच्या कपाटात नसते. पण कपाटात चाचणी नाही याचा अर्थ मराठीत तपासताच येत नाही असा होत नाही. प्रशिक्षित दुभाषा सोबत घेऊन मुलाला चित्रांवरून गोष्ट सांगायला लावतात आणि त्याची मराठी वाक्यं लिहून घेऊन तपासतात, याला लँग्वेज सॅम्पल म्हणतात. डायनॅमिक असेसमेंट नावाचा आणखी एक प्रकार आहे: आधी तपासायचं, मग तीच गोष्ट थोडा वेळ शिकवायची, मग पुन्हा तपासायचं. ज्याला फक्त इंग्रजी कमी मिळालंय ते मूल शिकवलं की भराभर उचलतं. ज्याला भाषेचीच अडचण आहे त्याला जास्त आधार लागतो. शिवाय मराठी बोलणाऱ्या स्पीच थेरपिस्ट अमेरिकेत आहेत, आणि अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या यादीत भाषेनुसार शोधता येतं. दुभाषा मात्र तुम्ही होऊ नका, सासूबाईंनाही बसवू नका. आपण नकळत मुलाचं वाक्य नीट करून पुढे सांगतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. पण तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर मी अडले, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहेत.

‘मी आजी फोन केला.’ ‘गाडी डबात ठेवला.’ पहिल्यात ‘आजीला’ मधला ‘ला’ गेलाय. दुसऱ्यात ‘डब्यात’ हवं तिथे ‘डबात’ झालंय, म्हणजे सामान्यरूप झालंच नाही, आणि गाडीसाठी ‘ठेवली’ ऐवजी ‘ठेवला’ आलंय. हे आपण कुणाला शिकवत नाही. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मराठी मुलांच्या तोंडी हे आपसूक बसतं. तुमच्या धाकटीच्याही बसलंय, म्हणून तर ती त्याला सुधारते. भाषेची खरी अडचण दोन भाषा बोलणाऱ्या मुलात दोन्ही भाषांत दिसते. फक्त इंग्रजीत दिसली तर ती बहुधा कमी सरावाची बाब असते. तेव्हा शाळेची तपासणी अपुरी आहे हे मला मान्य, पण तिचा निष्कर्ष चुकीचाच असेल असं मी म्हणणार नाही. मराठीत तपासणी मागा ती ‘आमचं मूल ठीक आहे’ हे सिद्ध करायला नको, खरं काय ते कळायला मागा.

दोन वाक्यांवरून मी निदान करत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा. तीन वर्षांपासून दिवसातले बरेच तास इंग्रजीत गेले की मराठीही थोडी गंजते. म्हणून आठवडाभर त्याची वाक्यं जशीच्या तशी वहीत टिपा. खेळताना, जेवताना, बहिणीशी भांडताना. सुधारून लिहू नका, आणि बरोबर आलेलीही लिहा. शक्य असेल तर आजीला दिवसभराची हकिगत सांगताना पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मीटिंगमध्ये बावीस पानांपेक्षा ही वही जास्त बोलेल.

सासूबाईंचं वाक्यही तिथे सांगा. त्या ते धीर देण्यासाठी म्हणतात, पण थेरपिस्टच्या कानाला ते वेगळं लागेल. घरात कुणी उशिरा बोललं असेल तर पुढच्या पिढीत भाषेची अडचण असण्याची शक्यता वाढते. बाबा पुढे शिकले-सवरले, नोकरी करतात, हे खरंच. पण शाळेत त्यांना किती कष्ट पडले हे त्यांनाच विचारा.

‘अडखळतो’ हा शब्द तुम्ही टीचरच्या तोंडचा म्हणून लिहिलाय. तो कसा अडखळतो ते बघा. शब्दाचा पहिला आवाज पुन्हा पुन्हा येतो, ताणला जातो, किंवा तोंड उघडून आवाजच फुटत नाही, तर ते तोतरेपण, म्हणजे फ्लुएन्सीचा प्रश्न. आणि ‘ते... ते हे... असं’ करत नेमका शब्द सापडत नसेल, वाक्य मध्येच सोडून नवं सुरू होत असेल, तर तो भाषेचा प्रश्न. दोन्हींची थेरपी निराळी. उच्चाराचा प्रश्न आणखी तिसरा. ‘थ्री’ मधला ‘थ’ तो मराठीसारखा म्हणत असेल, व्ही आणि डब्ल्यूला एकच ‘व’ वापरत असेल, तर तो आपला मराठी उच्चार आहे, दोष नव्हे. रिपोर्टात आर्टिक्युलेशनखाली अशा चुका मोजल्या असतील तर त्या वगळायला सांगा.

आणि कान. रिपोर्टात हिअरिंगपुढे ‘पास’ लिहिलं असेल, पण ती बहुधा शाळेतली चाळणी असते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर ऐकणं कमीजास्त होत राहतं, आणि नेमक्या तपासणीच्या दिवशी ते ठीक असू शकतं. ऑडिओलॉजिस्टकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

घरी इंग्रजी बोला, या सल्ल्यावर मी जरा कडक बोलणार आहे. तो ऐकू नका. दोन भाषांमुळे भाषेची अडचण निर्माण होत नाही, आणि असलेली वाढतही नाही. अडचण असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्टी रचता, त्या भाषेत तुमची वाक्यं लांब आणि भरलेली असतात. तीच त्याला ऐकायला हवीत. तुम्ही इंग्रजीवर गेलात तर त्याच्या वाट्याला येईल ते ‘कम, ईट, गो’. आणि आजीशी त्याचं बोलणं तुटेल ते वेगळंच. थेरपिस्टना नम्रपणे म्हणा, सरावाचं साहित्य द्या, आम्ही ते मराठीत करू.

आता तुमच्या नवऱ्याला वाटणाऱ्या शिक्क्याच्या भीतीबद्दल. शाळा ठरवते ती एलिजिबिलिटी, म्हणजे तो सेवांना पात्र आहे की नाही. ते वैद्यकीय निदान नव्हे. कायद्यात असे १३ गट आहेत, त्यात भाषा-वाचेचा हा एक. नुसता गट जुळून भागत नाही. त्या अडचणीमुळे शिक्षणावर परिणाम होतो आहे, हेही दाखवावं लागतं. आयईपी दरवर्षी तपासला जातो, आणि किमान दर तीन वर्षांनी पात्रता पुन्हा पाहिली जाते, तुम्ही आणि शाळा दोघांनी गरज नाही असं ठरवलं तरच ती टळते. नंतर गरज उरली नाही तर मूल त्यातून बाहेर पडतं. शाळेचे कागद गोपनीय असतात, त्यासाठी १९७४ चा वेगळा कायदा आहे. वेगळ्या वर्गात टाकतील ही भीती असेल तर एलआरई शब्द लक्षात ठेवा: मुलाला शक्य तितकं बाकीच्या मुलांबरोबरच ठेवायचं, आणि बाजूला काढायचं तर कारण शाळेने द्यायचं. व्हिसाचा आणि या हक्काचा संबंध नाही. १९८२ साली प्लायलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेतून वगळता येणार नाही असं सांगितलं. तुमच्याकडे तर सगळे कागद आहेत.

मीटिंगमध्ये खरा वेळ खर्च करा तो उद्दिष्टांवर. ‘एक्स्प्रेसिव्ह लँग्वेज सुधारेल’ असं उद्दिष्ट लिहिलं असेल तर ते परत द्या. वर्षअखेरीला सुधारली की नाही, कोण आणि कशावरून सांगणार? त्याऐवजी असं हवं: तीन टप्प्यांची सूचना एकदाच ऐकून, चित्राच्या मदतीशिवाय, पाचपैकी चार वेळा पाळेल. आत्ता तो पाचपैकी किती वेळा पाळतो, हेही शेजारी लिहिलेलं हवं. मग आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात, वर्गात की बाहेर. ‘गरजेनुसार’ हा शब्द आयईपीत दिसला की खोडायला लावा. थोडीशी प्रगती पुरे, असं आता शाळेला म्हणता येत नाही. २०१७ साली एन्ड्रू एफ. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की आखणी त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल अशी हवी.

आज रात्रीच शाळेला ईमेल लिहा. तोंडी सांगितलेलं कुठे नोंदलं जात नाही. त्यात एवढं असू दे: रिपोर्ट मिळाला, तपासणी फक्त इंग्रजीत झाली, त्याची घरची भाषा मराठी आहे, मराठीतली माहिती गोळा करून पुरवणी रिपोर्ट द्यावा, मीटिंगला दुभाषा हवा. तुम्हाला इंग्रजी येतं हे मला कळतंय. तरी सात-आठ माणसं टेबलाभोवती भराभर बोलू लागली की आपलंच इंग्रजी आपल्याला सोडून जातं, आणि गरज असेल तर दुभाषा देणं शाळेवर आहे.

मराठीतल्या तपासणीला शाळा तयार झाली आणि तारीख दिली, तर दरम्यान थेरपी सुरू करायला माझी हरकत नाही. तुमच्या वहीतली वाक्यं पत्रातल्यासारखीच निघाली तर उलट मी सही करा असंच म्हणेन. शाळेने नकार दिला तर दोन गोष्टी मागा. एक, नकार कारणांसकट लेखी, ज्याला प्रायर रिटन नोटिस म्हणतात. दोन, शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी, म्हणजे आयईई. ती मागितल्यावर शाळेपुढे दोनच वाटा उरतात: विनाकारण उशीर न लावता खर्च द्यायचा, किंवा आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायचं. ‘बघू’ ही तिसरी वाट कायद्यात नाही. तुम्ही शाळेच्या तपासणीशी सहमत नाही, एवढं कळवलं तरी पुरतं. ती का पटत नाही हे शाळा विचारू शकते, पण सांगायची सक्ती करू शकत नाही.

राहिला त्याच्या इंग्रजीचा प्रश्न. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत वेगळा तास असतो. स्पीच थेरपी सुरू झाली की तो तास बंद, असं कधी कधी सांगितलं जातं. तसं नसतं. मूल दोन्हींना पात्र असेल तर दोन्ही एकाच वेळी मिळतात. मराठी चांगली निघाली तर फक्त तो तास पुरेल, दोन्हीकडे अडचण दिसली तर दोन्ही घ्या. आणि यातलं एक निवडा असं कुणी म्हणालं, तर तेही लेखी मागा.